होडी माझी, वल्ही त्याची

सोमवार, २ जून

आजपासून ही वही. चष्म्यांचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून मी घरात फार बोलतो, असं हिचं म्हणणं. "जे काय आहे ते वहीत लिहा आणि मला भाजी निवडू द्या," असं म्हणून तिनेच ती आणून दिली. ठीक आहे. ऐकता ऐकता वही मध्येच उठून जात नाही, हा तिचा मोठा गुण.

उकाडा भयंकर. तळ्याच्या काठचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट झालंय. जेवणाची वेळ टळेपर्यंत गळ टाकून बसलो, काहीही लागलं नाही. एकदा दोरीवरची तरंगी हलली तेव्हा मी अर्धा उठलो, पण ती एका बेडकाने हलवली होती. तोही माझ्याकडे जरा बघून निघून गेला.

समाधान एवढंच की समोरच्या काठावरच्या गृहस्थांनाही काही लागलं नाही. हे गृहस्थ म्हणजे माझे थोरले बंधू, निवृत्त हेडमास्तर. या वहीत त्यांचा उल्लेख 'समोरचे' असाच होईल, कारण आमचं बोलणं नाही. वडिलांचं घर मधोमध भिंत घालून आम्ही वाटून घेतलं. ते भिंतीपलीकडे राहतात, आणि तळ्यावर यायला आम्ही दोन वेगळे रस्ते धरतो. माझा रस्ता लांबचा आहे, पण प्रश्न तत्त्वाचा आहे.

तत्त्व काय, तेही नव्या वहीला सांगून टाकतो. आमच्या तळ्यात एक मिशीवाला आहे. लांब मिशांचा, चांगला मांडीएवढा मासा. एका उन्हाळ्यात तो समोरच्यांच्या गळाला लागला, होडीच्या कडेपर्यंत आला आणि निसटला. ते म्हणाले, मी जाळी उशिरा धरली. मी म्हणालो, त्यांची गाठच कच्ची. ते म्हणाले, माझ्या हातात आजवर काही टिकलंय का. मग मीही बरंच काही म्हणालो. पुढे वाटणी झाली. घर, भांडी, बाग सगळं एका दुपारी सुरळीत पार पडलं आणि होडीवर येऊन अडलं. शेवटी वकील वैतागून म्हणाले, "होडी धाकट्याला, वल्ही थोरल्याला. मग तरी बोलाल एकमेकांशी!"

वकील हुशार म्हणून प्रसिद्ध होते. होडी तेव्हापासून माझ्या परसात पालथी पडली आहे. ही तिच्यावर उशा वाळत घालते.

बुधवार, ४ जून

आज जेवताना ही एकदम म्हणाली, "भर उन्हात काठाला बसून काय मिळणार तुम्हाला? पाणी तापलं की मासे काठ सोडतात. पहाटे जा. आणि वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिथे बसा. लाटांनी पाण्यात हवा मिसळते, मासे तिकडे जमतात."

माझा घास हातातच राहिला. तळ्यात पाणी असतं, यापलीकडे हिला तळ्याबद्दल आजवर काही माहीत नव्हतं.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"भाजीवाली म्हणत होती."

भाजीवालीला इतकं कळतं, तर ती भोपळे का विकत बसली आहे?

उन्हात गांडुळं मरतात म्हणून आज ती ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, लोण्याच्या मागे. डब्यावर ठळक अक्षरांत 'उघडू नये' असं लिहिलं. त्यामुळे सूनबाईंनी पहिला तोच उघडला. संध्याकाळी घरात वातावरण तंग होतं.

गुरुवार, ५ जून

पहाटे गेलो, वाऱ्याच्या काठाला बसलो. ऊन वर यायच्या आत बोटाएवढे का होईना, पण मासे लागले! भाजीवालीचं खरं ठरलं.

खुशीत येऊन जेवताना हिला माझं स्वतःचं गुपित सांगितलं. उन्हाळ्यात गांडुळापेक्षा शिळ्या पावाची गोळी बरी. त्यात किंचित चीज मळायचं, म्हणजे वास पाण्यात लांबवर जातो. "कुठे बोलू नकोस," असंही बजावलं.

"मी कोणाला सांगणार?" ती म्हणाली आणि ताटं धुवायला परसात गेली. दोनच ताटं होती, पण भिंतीशी उभी राहून बराच वेळ धूत होती. अलीकडे तिचं कामाला मन लागत नाही.

शनिवार, ७ जून

चोरी! समोरचे आज पाव घेऊन बसले होते. पिशवीतून पाव काढला, चुरला, मळला, वास घेतला. चीजसुद्धा होतं. माझ्यावर पाळत ठेवतात की काय? पण ते शक्य नाही. मी चष्मेवाला आहे, त्यांचे डोळे मी ओळखतो.

संशय भाजीवालीवर आहे. हिला सांगितलं, उद्यापासून भाजी दुसरीकडून घे. ही खो खो हसली. चोरीत हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

सोमवार, ९ जून

समोरचे हे गाव सोडून चालले आहेत. या महिन्याच्या शेवटी. आमची पुतणी शहरात असते, तिने बोलावून घेतलंय. वहिनींचे गुडघे दुखतात, तिथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. घर भाड्याने देणार. हे सगळं हिने मला वाढता वाढता, पाठ केल्यासारखं सांगितलं.

मी म्हटलं, "बरं झालं. तळं मोकळं होईल."

मला खरोखरच बरं वाटलं. फक्त एक विचार मनातून जाईना. वल्ही? ती घेऊन जाणार की ठेवून जाणार? माणूस गेला तरी वस्तूची व्यवस्था नको का लागायला? रात्री त्याच विचाराने झोप आली नाही. वल्ह्यांच्याच.

गुरुवार, १२ जून

समोरच्यांनी काहीतरी नवीन शोधून काढलंय. सकाळभर दोरी पाण्यात टाकून बसले होते, पण एकदाही वर ओढून आमिष बदललं नाही. मी तेवढ्या वेळात पावाचा निम्मा तुकडा संपवला. माशांनी कुरतडूनही न संपणारं असं कोणतं आमिष आहे? चेहरा मात्र नेहमीसारखा, शाळेची घंटा व्हायची वाट बघत असल्यासारखा.

हिला म्हटलं, भाजीवालीकडून काढून घे. म्हणाली, "तिच्याकडून भाजी बंद केली ना आपण?" म्हटलं, माहितीपुरतं जा.

शुक्रवार, १३ जून

ही परसातून आली ती डोळे पुसतच. कांदा चिरत नव्हती, कांदा घरात नव्हताच.

"त्यांच्या दोरीला काही नसतंच," म्हणाली. "आमिष नाही, गळही नाही. जवळचं दिसत नाही त्यांना. गळाला गाठ मारता येत नाही. वहिनी म्हणाल्या मी बांधून देते, तर रागावले. तेव्हापासून नुसती दोरी टाकून बसतात. मग उठून घरी येतात."

जन्मभर गावाचे डोळे तपासले. दादांचा चष्मा... समोरच्यांचा चष्मा कधी जुना झाला, ते लक्षातच आलं नाही. अर्थात एवढ्या लांबून दिसणार तरी कसं?

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हे फक्त इथे लिहितोय.

"हे भाजीवालीने सांगितलं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "भाजीवाली रडत होती."

मंगळवार, १७ जून

त्यांचा जुना चष्मा हिने कुठून तरी मिळवला. कुठून, ते मी विचारलं नाही. दुकानात बसून त्यावरून अंदाजाने जवळचा नंबर वाढवला, नवीन काचा घातल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, डोळे न तपासता चष्मा? तुम्ही तर मला यावरून ओरडता." त्याला गिऱ्हाइकाकडे पिटाळलं.

चष्मा हिच्या हाती दिला. यात गोडवा वगैरे काही नाही. माणसाला गावातून जाताना आपण काय घेऊन चाललोय आणि काय ठेवून जायला हवं, ते नीट दिसावं, एवढाच हेतू.

गुरुवार, १९ जून

चष्मा परत आला. तक्रार: नाकावरून घसरतो.

दांड्या वळवून पाठवला. परत आला. तक्रार: आता कान दुखतात.

पुन्हा वळवला. परत आला. तक्रार: एक डोळा वर, एक डोळा खाली, आरशात चोरासारखा दिसतो. हे बोल वहिनींचे असणं शक्य नाही, ही भाषा हेडमास्तरांची.

मी हिला स्पष्ट सांगितलं, "भिंतीवरून चष्मा बसत नाही. माणूस समोर बसला तरच फ्रेम बसवता येते. धंद्याचा नियम आहे. यायचं तर दुकानात यावं, सगळ्या गिऱ्हाइकांसारखं."

ही लगबगीने परसात गेली. आज ताटंसुद्धा नव्हती हातात.

शनिवार, २१ जून

आले.

मुलाला मी आधीच बाहेर पाठवला होता. ते खुर्चीत बसले. मी समोरच्या स्टुलावर. इतक्या जवळून त्यांना पाहिलं नव्हतं कितीतरी वर्षांत. भुवया पार पांढऱ्या झाल्यात. वडिलांसारखे दिसायला लागलेत.

"वर बघा," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला मी 'तुम्ही'च म्हणतो.

बघितलं.

"खाली बघा. आता हे वाचा."

वाचायचा तक्ता दिला. सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली आणि वर म्हणाले, "इथे एक वेलांटी चुकली आहे." तो तक्ता माझ्या दुकानात कधीपासून लटकतोय, आजवर एकाही गिऱ्हाइकाला ते दिसलं नव्हतं. म्हणजे नंबर बरोबर.

दांड्या गरम करून कानामागे वळवल्या. कानाला बोट लागलं तेव्हा ते जरा दचकले. मीही दचकलो.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मी फुकट घेत नाही."

"मी घरच्यांकडून घेत नाही," असं माझ्या तोंडून निघून गेलं. काही तरी बोलायचं म्हणून बोललो, त्यात अर्थ शोधायचं कारण नाही. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले, वेलांटीवर बोट ठेवून म्हणाले, "ही दुरुस्त कर," आणि निघून गेले.

रविवार, २२ जून

सकाळी दार उघडलं तर दाराला टेकवून वल्हं ठेवलेलं. एक!

एक वल्हं म्हणजे काय? मी काय एका डोळ्याचा चष्मा केला होता? हिला दाखवलं तर म्हणाली, "एक तर एक." हिला होडीतलं काही कळत नाही. काल-परवापर्यंत माशांवर व्याख्यानं देत होती, आणि एवढं साधं कळू नये?

पण आता माझाही हट्ट आहे. उशा उतरवल्या. होडी सुलटी केली, फटींत डांबर भरलं. खाली सरड्यांचं एक कुटुंब राहत होतं, त्यांना दुसरी सोय बघायला सांगितली.

बुधवार, २५ जून

सुतार आणि त्याचा भाऊ यांच्या मदतीने होडी तळ्यावर नेली. काठाला आता काही अर्थ नाही, पहाटेसुद्धा पाणी तापलेलं असतं. मोठे मासे मध्यावर, खोल पाण्यात. मिशीवाला तिथेच असणार. एकट्यानेच निघालो, एका वल्ह्याने.

एका वल्ह्याने होडी पुढे जात नाही, हे पुस्तकात वाचायला सोपं असतं. उजवीकडे मारलं की होडी डावीकडे वळते. पुन्हा उजवीकडे मारलं की पहिली गिरकी पुरी होते. मी गुडघाभर पाण्यात बराच वेळ गोल गोल फिरलो. बगळे आधी उडाले, मग बघायला परत आले.

समोरच्या काठावर समोरचे उभे होते. नवीन चष्मा घालून. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं, हे माझंच कर्तृत्व.

शेवटी त्यांना राहवेना. तळ्यावरून आवाज आला, "अरे गाढवा, मागे बसून मार! मागे!"

इतक्या वर्षांनी तळ्यावरचा पहिला शब्द, तोही 'गाढवा'.

"दुसरं वल्हं दे मग!" मी ओरडलो.

"दिलं तर तू एकटाच जाशील!"

मी अजून एक गिरकी घेतली.

शनिवार, २८ जून

पहाटे तळ्यावर गेलो तर होडीत आधीच कोणी बसलेलं. मांडीवर वल्हं.

"उशीर केलास," दादा म्हणाला.

मी बसलो. एक वल्हं त्याचं, एक माझं. सुरुवातीला जमेना, तो हेडमास्तरी चालीने मारतो, मी सावकाश. मग वडील म्हणायचे तसं तो पुटपुटत मोजू लागला आणि होडी सरळ चालू लागली. मध्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसती फट पडली होती. पाणी शांत. मला इतकं बरं वाटत होतं की काय बोलू नि काय नको असं झालं, म्हणून मी पावाची गोळी मळायला घेतली.

गळाला गाठ त्याने स्वतः मारली. चष्म्यातून बघत, जीभ दाताखाली धरून. मारल्यावर गाठ माझ्या नाकासमोर धरली. "बघ. कच्ची आहे?"

"नाही," मी म्हणालो.

मग म्हणाला, "अगदी तळाला सोडू नकोस. उन्हाळ्यात तळाचं पाणी कोंदट असतं, तिथे माशाला श्वास घेता येत नाही. वर तापलेलं, खाली मेलेलं. मधला थर धरायचा." दोरीला त्याने लाल धागा बांधला होता, वडील बांधायचे तसा. धागा पाण्याला टेकला की सोडणं थांबवायचं. आमिष माझंच, पाव आणि चीज.

"चोरलंस ना?" मी विचारलं.

"तू नाही माझा वाऱ्याचा काठ चोरलास?"

"तो मला भाजीवालीने सांगितला."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मलाही पावाचं दूधवाल्याने सांगितलं." एवढे हुशार लोक आपल्या गल्लीत आहेत, याचं आम्हा दोघांनाही नवल वाटलं.

आणि मग ओढ बसली.

अशी ओढ, की होडीचं तोंड फिरलं. दादा दोरी सोडत होता, घेत होता, सोडत होता. मी जाळी आधीपासूनच पाण्यात धरून बसलो. कोणी उशीर म्हणायला नको. पाणी ढवळलं आणि तो वर आला. तोच. त्याच मिशा, आता आणखी लांब. गाठ टिकली. जाळी वेळेवर होती. काहीही चुकलं नव्हतं.

फक्त तो दादाच्या बाजूला वर आला, आणि दोघांनीही नीट बघायला मिळावं म्हणून एकदम त्या बाजूला झुकून पाहिलं.

बाहेर डोकं काढलं तेव्हा होडी पालथी, दोन्ही वल्ही तरंगताहेत, गळकाठी मिशीवाल्यामागे निघून गेलेली, आणि दादाच्या नाकावर चष्मा नाही. होडीला धरून, कशीबशी तिला सुलटी करून, वल्ही हाताशी ओढून आम्ही पुन्हा आत चढलो. आणि चढता चढताच सुरुवात झाली.

"तुला कोणी सांगितलं होतं या बाजूला यायला?"

"जाळी माझ्या हातात होती! तू का झुकलास?"

"मासा माझा होता!"

"होडी माझी आहे!"

"वल्ही माझी आहेत!"

असे कडाडून भांडलो की काठावर उभ्या असलेल्या ही आणि वहिनी एकमेकींचे हात धरून रडकुंडीला आल्या. (दोघी तिथे एकत्र काय करत होत्या, हे मला अजून समजलेलं नाही.) पण त्यांना लांबून एक गोष्ट दिसत नव्हती. एक वल्हं त्याच्या हातात होतं, एक माझ्या. रागावून उठून जायची सोय नव्हती. एकाने थांबवलं की होडी गोल फिरायची. त्यामुळे भांडायचं आणि वल्हवायचं, असं दोन्ही चालू होतं. काठ आला तेव्हा बोलायचं सगळं बोलून संपलं होतं.

मग दादा म्हणाला, "चष्मा तळाला गेला."

"जाऊ दे. मिशीवाल्याला जवळचं दिसेनासं झालं असेल. त्याचंही वय झालं."

दादा हसायला लागला. ओल्या कपड्यांनी, होडीत बसून, पोट धरून हसला. मीही. वहिनी म्हणाल्या, "ऊन डोक्यात गेलं दोघांच्या."

सोमवार, ३० जून

दादा गेला. पुतणी गाडी घेऊन आली होती. नवीन चष्मा मी रात्रीतून केला. कानामागे बसवला. दादा म्हणाला, "दर उन्हाळ्याला पुन्हा बसवून घ्यावा लागतो का रे हा?" खरं म्हणजे चांगली फ्रेम वर्षानुवर्षं हलत नाही. पण मी म्हणालो, "लागतो."

होडीवरून मात्र त्याने माझं डोकं फिरवलं. दोन्ही वल्ही मला देऊन जाईल असं वाटलं होतं. तर त्याने एक ठेवलं आणि एक चादरीत गुंडाळून गाडीच्या टपावर बांधलं. शहरात, वरच्या मजल्यावर! तिथे वल्ह्याचं काय करणार आहे हा माणूस? मी विचारलं, तर म्हणाला, "वाटणी म्हणजे वाटणी." पहिल्यापासून असाच हट्टी.

वहिनी आणि ही भिंतीपाशी गळ्यात गळा घालून किती वेळ उभ्या होत्या. गाडी वळणाआड गेल्यावर मी आत येऊन बसलो. मला रडू आलं. हिला वाटलं सर्दी, तळ्यात पडल्याची.

रविवार, ६ जुलै

पुतणीचा फोन होता. वल्हं लिफ्टमध्ये मावलं नाही, दादाने ते जिन्याने खांद्यावरून वर नेलं. शेजाऱ्यांनी दारं उघडून बघितलं. आता ते बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून उभं आहे.

सुतार आला होता. म्हणाला, "दुसरं वल्हं करून देऊ? दोन दिवसांचं काम." मी म्हटलं, नको, माप जुळायचं नाही. त्याने माप घेतो म्हटलं. मी म्हटलं, तरीही जुळायचं नाही.

हल्ली ही ताटं घरातच धुते. पटकन होतात.

संध्याकाळी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं काहीच नाही, एकदम, "पाणी कसं आहे?"

"गरम. काठाला काही नाही."

"मग मध्यावर जा. मधला थर धर."

"कसा जाऊ? वल्हं तुझ्या बैठकीत आहे."

मग म्हणाला, "मग थांब."

थांबतो म्हणालो.